घड्याळजींनी रंगवायला घेतलेला टब

आंघोळीचा एक जुना, बिडाचा टब म्हणजे मी. वजनाचं म्हणाल, तर मला या न्हाणीघरात आणताना चार हमालांच्या तोंडाला फेस आला होता, आणि पाचवा नुसताच "सांभाळून, सांभाळून" करत पुढे चालला होता. माझ्या चार पायांपैकी एक त्याच दिवशी तुटला. तिथे विटेचा तुकडा लावून दिला आहे. मित्रांनो, मला बघायला यायचं असेल तर लवकर या, कारण सोमवारी मला फोडायचं ठरलं आहे.

त्याचं मला वाईट वाटत नाही. का वाटत नाही, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म भट्टीतला. बीड वितळवून साच्यात ओतलं, गार केलं, मग पुन्हा लालबुंद तापवून माझ्या अंगावर एक पांढरी पूड भुरभुरली. ती वितळली आणि तिचा काचेसारखा मुलामा बनून घट्ट बसला. तो इतका नितळ होता की मला तपासणारा कारागीर माझ्यात वाकून मिशा नीट करायचा. आपण जन्मभर असेच चकाकणार, असं मला तेव्हा वाटलं. लहानपणी सगळ्यांनाच असं काहीतरी वाटत असतं.

पहिली काही वर्षं मी एका लॉजवर होतो. रोज नवी माणसं यायची, अंग घासायची आणि निघून जायची. माझ्यावर ओरखडे उठले तेव्हा लॉजच्या मालकाने भिंतींचा उरलेला तेलरंग माझ्या अंगाला फासला. ना घासलं, ना पुसलं. पुढे लॉज बंद पडलं आणि एका गृहस्थाने मला हौसेने घरी आणलं. मी आत आल्यावर त्याने न्हाणीघराची एक भिंत बांधून घेतली आणि दार ठेवलं अरुंद. म्हणजे मी आत आलो तो कायमचाच.

त्या गृहस्थाचा मुलगा मोठा होऊन घड्याळजी झाला. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. मी यांना लहानपणापासून ओळखतो. कानामागचा साबण कधी धुऊन काढला नाही, पण घड्याळाच्या बाबतीत महाकाटेकोर. तांदळाच्या कणीएवढे स्क्रू बोटांनी बसवायचे. यांच्या लेकीलाही मी खेळवलं. ती बंद पडलेल्या घड्याळांचे पट्टे माझ्यात पोहायला सोडायची आणि त्यांना मासे म्हणायची. माझे सुखाचे दिवस विचाराल तर तेच.

या घराचे दोन नियम तुम्हाला सांगून ठेवतो. पहिला नियम धुळीचा. घड्याळात धुळीचा एक कण गेला तरी ते रखडतं, म्हणून दुकानात काम चालू असताना खिडक्या बंद, पंखा बंद, आणि दाराच्या फटीला ओलं फडकं. उन्हाळ्यात घड्याळजी घामाने निथळायचे, पण खिडकी उघडायचे नाहीत. दुसरा नियम हाकेचा. भिंग डोळ्याला लागलं की त्यांना कोणी हाक मारायची नाही. एकदा लेकीने "बाबा!" म्हणून आरोळी ठोकली आणि केसाएवढी एक स्प्रिंग त्यांच्या चिमट्यातून उडाली. तीन दिवस सगळं घर गुडघ्यांवर रांगत होतं. तेव्हापासून घड्याळजी गप्प झाले की घरही गप्प व्हायचं. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, या शांततेचा अभिमान होता. पाहुण्यांनाही त्या ओठांवर बोट ठेवून दाखवायच्या.

वर्षं गेली. लेक लग्न होऊन दूर गेली. माझा नळ गळू लागला आणि थेंबाथेंबाने माझ्या पोटावर पिवळा पट्टा उमटला. तो काढायला काकूंनी ॲसिड ओतलं. डाग गेला नाहीच, मुलामा मात्र गेला. मग माझी कोणाला गरज उरली नाही. माझ्यात बादल्या आल्या, झाडू आले, फाटकी चटई आली. भिंतीवरच्या टाइल्सचंही तेच झालं. सांधे काळे पडले, दोन टाइल्सना तडे गेले. आम्ही एकमेकांकडे बघत दिवस काढत होतो.

मग काकूंच्या गुडघ्यांनी आणि बोटांनी असहकार पुकारला. सांधे सुजायचे, वाटीसुद्धा धरवेना. डॉक्टरांनी सांगितलं, रोज अर्धा तास गरम पाण्यात बसा. बादल्या बाहेर गेल्या आणि माझी पुन्हा आठवण झाली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पण माझं अंग आता पूर्वीचं राहिलं नव्हतं. पहिल्याच दिवशी काकूंच्या मांडीला खरचटलं, आणि पांढरा टॉवेल गंजाने तांबडा झाला.

"अहो, टब आहे का किसणी?" त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "गाजरासारखी सोलून निघाले मी."

घड्याळजी हसले, पण ते हसणं वरवरचं होतं. त्यांनी माझ्या तळावरून बोट फिरवलं. नवीन टब आणायचा तर भिंत पाडावी लागणार होती, आणि काकूंना तर रोज पाण्यात बसायचं होतं.

"मीच करतो," ते म्हणाले. "टाइल्सना रंग, टबाला रंग. चार दिवसांत असा गुळगुळीत करतो की तू घसरशील."

"तुम्ही? आयुष्यात कधी दाराला रंग लावलाय का?"

"अगं, आख्खं घड्याळ खोलून परत जोडतो मी. हा तर साधा टब आहे."

खरं तर आधी मला खरवडायला हवं होतं आणि टाइल्स नंतर रंगवायला हव्या होत्या. पण टाइल्सचं काम सोपं दिसलं म्हणून त्यांनी तिथून सुरुवात केली. त्यांचं काम मात्र बघत राहावं असं होतं. टाइल्स सोड्याने धुतल्या, पॉलिश पेपरने घासल्या, प्रत्येक सांधा जुन्या टूथब्रशने कोरून काढला. मग फिकट निळ्या रंगाचा पहिला हात दिला. खिडकी उघडी होती. संध्याकाळी बघतात तो ओल्या रंगात एक चिलट आणि धुळीचे बारीक बारीक कण! घड्याळजींचं तोंड उतरलं. डोळ्याला भिंग लावून, घड्याळाच्या चिमट्याने त्यांनी एकेक कण वेचला. मला हसू आवरेना. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टाइल्सवर दुसरा हात मारला. या वेळी खिडकी बंद, दार बंद, आणि दाराखाली ओला टॉवेल. दुकानातला नियम न्हाणीघरात आला.

टाइल्स सुकेपर्यंत थांबायला काय हरकत होती? पण आदल्या रात्री काकू दुखण्याने कण्हत होत्या, आणि घड्याळजींना थांबवेना. दुपारी ते माझ्याकडे वळले. माझ्या अंगावरचा लॉजवाल्याचा तेलरंग पॉलिश पेपरने निघत नव्हता. त्यासाठी त्यांनी रंग उतरवायचं औषध आणलं होतं. डबा उघडता उघडता ते दाराबाहेरच्या काकूंना सांगत होते, "दुकानदार म्हणाला, पाच मिनिटांत साल सुटते बघ. फक्त वारा खेळता ठेवा म्हणाला. आता वारा ठेवला तर सगळी धूळ वर बसणार! त्याचं काय जातंय सांगायला!"

डब्यावर बारीक अक्षरांत बरंच काही छापलेलं होतं. ज्या माणसाने घड्याळाच्या पोटातले मुंगीएवढे आकडे वाचण्यात जन्म घालवला, त्याने ती अक्षरं वाचली नाहीत. नाकाला रुमाल बांधला आणि ब्रश बुडवला.

मित्रांनो, आता पुढचंही सांगतो.

औषध अंगावर पडताच जुना रंग फुगला, सुरकुतला, सालीसारखा सुटला. घड्याळजी खूश झाले. पत्र्याच्या पट्टीने खरवडत, वाकत वाकत ते माझ्या तळाशी पोचले. औषधाला गोडसर वास होता. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, वर जात नाही, खाली उतरते आणि खोलगट जागा सापडली की तिथेच साचून बसते. हे मला पुढे लेकीच्या बोलण्यातून कळलं. त्या दिवशी एवढंच जाणवलं की माझ्यात काहीतरी भरत आहे. मी टब आहे. माझ्यात जे पडेल ते धरून ठेवणं, हेच माझं काम. आयुष्यभर मी पाणी धरलं, तशी ती वाफही धरली. पाणी निदान दिसतं तरी. आणि घड्याळजींचं डोकं काठाच्या आत, माझ्या पोटात होतं. रुमालाने धूळ अडली असती, वाफ कुठली अडायला!

"अहो, केवढा वास येतोय इथपर्यंत! खिडकी उघडा ना," बाहेरून काकू म्हणाल्या.

"टाइल्सचा रंग ओला आहे गं. दहा मिनिटं."

थोड्या वेळाने त्या पुन्हा आल्या. "अहो, माझं डोकं दुखायला लागलं. तुमचं काय होत असेल आत?"

"झालंच," ते म्हणाले. आवाज जड होता, झोपेतून उठलेल्या माणसासारखा.

मग पट्टीचा आवाज थांबला. पट्टी हातातून सुटली आणि माझ्या तळाशी, पाणी जायच्या भोकापाशी पडली. घड्याळजी छातीने माझ्या काठावर टेकले, एखादा पडलेला स्क्रू शोधत असल्यासारखे. आणि काकू दाराबाहेर उभ्या होत्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. आत सगळं शांत झालं होतं. या घरात त्या शांततेचा एकच अर्थ होता. ते कामात आहेत, नाजूक जागी आले आहेत, आता हाक मारायची नाही. काकू पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेल्या.

हातातली कामं आवरून, चहा करून त्या परत आल्या तेव्हा पाऊण तास झाला होता. दारावर टकटक केली, मग हाका मारल्या, मग किंचाळल्या. दार ओलीने फुगलं होतं आणि त्यांच्या सुजलेल्या बोटांत जोर नव्हता. शेजारचा इस्त्रीवाला धावत आला. त्याने खांदा मारून दार उघडलं, आणि तोंड फिरवून ओरडला, "वहिनी, पुढे येऊ नका! श्वास धरा!" त्याने खिडकीची काच हाताने फोडली. घड्याळजींना त्याने एकट्याने ओढून बाहेर नेलं. त्याच्या मनगटातून वाहणारं रक्त माझ्या काठावर सांडलं. गाडी आली, माणसं आली, धावपळ झाली. घड्याळजी मात्र परत आले नाहीत.

आता न्हाणीघरात काच नसलेली खिडकी आहे, निळ्या टाइल्स आहेत, आणि अर्धा सोललेला मी आहे. टाइल्स फार सुंदर झाल्या आहेत. कुठेही ब्रशचा ओघळ नाही. काकू कोपऱ्यात स्टुलावर बसून मगाने अंगावर पाणी घेतात. माझ्याकडे त्या बघत नाहीत. लेक येऊन राहिली आहे. घड्याळजींचा भाऊ म्हणाला, "वहिनी, हा डोळ्यांसमोर नकोच. घण घालून तुकडे करू आणि नेऊ," तेव्हा काकू "हो" म्हणाल्या आणि लगेच दुसरीकडे बघू लागल्या. म्हणून सोमवारी घण येणार आहे. त्यांचा निर्णय मला मान्य आहे.

काल दुपारी त्या इथेच लेकीला विचारत होत्या. रोज विचारतात.

"मी दोनदा सांगितलं गं खिडकी उघडा म्हणून. तिसऱ्यांदा का नाही हाक मारली?"

"आई, उपयोग नसता झाला. डॉक्टरांनी सांगितलंय ना तुला. तोवर सगळं संपलं होतं."

"खरं?"

"खरं."

डॉक्टर इथे नव्हते, मित्रांनो. मी होतो. काकू दाराबाहेर कान देऊन उभ्या होत्या, तेव्हा घड्याळजींचे डोळे उघडे होते. त्यांनी मान दाराकडे वळवली होती. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. बाहेरून हाक आली असती आणि उत्तर मिळालं नसतं, तर काकूंनी दार ठोठावलं असतं, इस्त्रीवाला तेव्हाच धावत आला असता. त्यानंतर बराच वेळ त्यांचा श्वास चालू होता. तो मी मोजला आहे.

मला तोंड नाही, हे किती बरं आहे! काकूंना मी हे कधीच सांगणार नाही, आणि तुम्हीही सांगू नका. लेकीचं तेवढंच खरं असू द्या.

पण तुम्ही लहान आहात, तुमच्या घरी कामं निघतील. कोणी रंग काढेल, कोणी औषध फवारेल, दार लावून घेईल आणि म्हणेल, दहा मिनिटं. जुन्या वस्तूंना जपा, असं मी सांगणार नाही. आमचं काय, आम्ही फुटलो तर फुटलो. आतला माणूस गप्प झाला की हाक मारा. उत्तर आलं नाही तर दार ढकला. तो चिडेल, काम बिघडलं म्हणून ओरडेल, दोन दिवस बोलणार नाही. ओरडू द्या त्याला.