बिनचेहऱ्याची माय

दोफोगोनं लाकूड तासायचा वाकस पुन्हा खाली ठेवला. समोर कंबरभर उंचीची लाकडी पूर्वजमाता उभी होती. लांब हात, भरदार छाती, जमिनीवर आपटायचा जड गोल पाया, सगळं झालं होतं. चेहऱ्याच्या जागी मात्र नुसता ओंडका.

जुनी मूर्ती त्याच्या वडिलांनी घडवलेली. दोन वर्षांपूर्वी ती गावाच्या देवराईतून चोरीला गेली. तिनं जमीन ठोकून पितरांना जागं केल्याशिवाय दीक्षा पुरी होत नाही. गावातले वीस जण सात वर्षांची शिकवण संपवून खोळंबले होते. ‘तोच चेहरा हवा,’ असं जाणत्यांनी बजावलं होतं. आणि दोफोगोला तो आठवत नव्हता. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

दुपारी राईचे कारभारी, म्हातारे क्लोफोलो काठी टेकत आले.

“दोफोगो, रागावू नकोस.”

“काय झालं, काका?”

“ती परत आलीय. सकाळी राईच्या तोंडाशी कापडात गुंडाळून ठेवलेली सापडली. कुणी ठेवली ते विचारू नकोस. आम्हीही विचारणार नाही.”

दोफोगो मटकन खाली बसला. क्लोफोलोंना वाटलं, धक्का बसला.

“तुझी चार महिन्यांची मेहनत पाण्यात गेली बघ.”

“जाऊ द्या हो!” तो हसायला लागला. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. “मला तिचं तोंडच आठवत नव्हतं, काका.”

 क्लोफोलो शेजारच्या ओंडक्यावर टेकले.

“मला तरी कुठं आठवत होतं? तू जी आणशील तिला ‘हीच ती’ म्हणायचं, असं मनाशी ठरवून बसलो होतो.”

दोफोगोनं समोरच्या अर्धवट मूर्तीवरचे ढलपे झटकले.

“मग हिचं काय करू?” दोफोगोनं विचारलं.

“पुरी कर. दोघी मिळून ठोकतील. पण हिला जुनीसारखी करायला जाऊ नकोस.”

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याची बायको नाहूआ अंगणात बाजरी पाखडत होती. तो समोर बसून राहिला.

“असं काय बघताय? जेवायचं नाही का?”

“जेवतो. दोन घास जास्तच वाढ,” तो म्हणाला. “आणि तोंड जरा इकडं कर. मूर्तीला अजून चेहरा द्यायचाय.”