औषध घेतलं

निफाडकडे विषाला विष म्हणायची पद्धत नाही. दुकानात ते औषध म्हणून मिळतं, बागेवर औषध म्हणून मारतात, आणि कुणी जिवाला कंटाळून तेच पोटात ओतलं तर गाव खालच्या आवाजात म्हणतं, त्यानं औषध घेतलं. एकच शब्द सगळीकडे पुरवून पुरवून वापरायचा. त्यापायी माणसं कशी गोत्यात येतात ते नवसाबाईला विचारावं.

साल ब्याऐंशी. ऑक्टोबर छाटणी होऊन द्राक्षाचे डोळे फुगले होते आणि उडद्या पडला होता. हा एवढासा भुंगा कोवळा डोळा पोखरतो आणि वर्षाचं पीक तिथंच संपतं, म्हणून यादवरावांच्या बागेत सकाळपासून फवारणीची घाई उडाली होती. नवसाबाईचा नवरा लहानू पाठीवर पंप बांधून ओळीमागून ओळ मारत होता. दुपारी तो बांधावर टेकला तो उठलाच नाही. तोंडातून लाळ गळत होती, अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या आणि दंडाचं मांस आपोआप उडत होतं. छाटलेल्या काड्या वेचणारी नवसाबाई धावत आली. "काय दिसंना झालंय गं," एवढंच बोलून त्याला उलटी झाली.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून त्याला निफाडच्या दवाखान्यात नेलं. बरोबर धाकटा दीर मोतीराम होता. तो वाटभर एकच बजावत राहिला. "ऊन लागलं म्हनायचं, वैनी. औषधाचं नाव काढू नको. पोलीस केस व्हती. आन शकूचं लगीन जमतंय. बापानं औषध घेतलं म्हनल्यावर कोन करील पोर?"

नवसाबाईचं निम्मं लक्ष नवऱ्याच्या छातीकडे होतं. ती घरघरायला लागली होती.

डॉक्टर तरुण होता, इथे येऊन वर्ष झालं होतं. त्या वर्षात औषध घेतलेली बरीच माणसं त्यानं पाहिली होती आणि प्रत्येकाच्या घरच्यांनी त्याच्याशी आधी खोटंच बोलून घेतलं होतं. त्यानं लहानूच्या पापण्या वर केल्या. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. तो वाकला आणि त्यानं लहानूचं तोंड हुंगलं. वास नव्हता.

"अफू घेतो का हा?"

"नाय साहेब, सुपारी पन खात नाय. ऊन लागलंय," मोतीराम म्हणाला.

"औषध घेतलंय का?"

"बागेत औषध मारत व्हते," नवसाबाई म्हणाली.

"मारतात सगळेच. त्यानं डोकं दुखतं, फार तर मळमळतं. एवढं होत नाही." डॉक्टरचा आवाज चढला. "हे बघा बाई, लक्षणं विषाची दिसतायत, पण तोंडाला वास नाही. याच्यावरचं इंजेक्शन जबर असतं, एकावर एक द्यावं लागतं. विष नसताना दिलं तर माझ्या हातानं माणूस मरेल. एकच सांगा. घेतलंय की नाही?"

लहानूचे ओठ काळेनिळे पडले होते. मोतीराम डोळे वटारून नकारार्थी मान हलवत होता. नवऱ्यानं काही घेतलेलं नाही हे नवसाबाईला पक्कं ठाऊक होतं. पण विचारणाऱ्याला दोनच उत्तरं चालत होती आणि त्यातल्या एकालाच इंजेक्शन होतं.

"घेतलं," ती म्हणाली.

दिवस मावळेपर्यंत सुयांवर सुया झाल्या आणि घरघर हळूहळू थांबली. हवालदार आला. घरात भांडण झालं का, म्हणाला. ती व्हय म्हणाली. कुणामुळे, म्हणाला. माझ्यामुळं, असं तिनं सांगितलं. सासू भागुबाई कोपऱ्यात येऊन बसली आणि तिनं सुनेकडे पाठ फिरवली. नवसाबाईला त्याचं फार लागलं, पण नवरा श्वास घेत होता, तेव्हा तिनं तेही गिळलं.

उजाडताना लहानूनं डोळे उघडले. जीभ जड झाली होती, तरी शुद्धीवर होता.

"पंपाचा वायसर गेला व्हता गं," तो पुटपुटला. "पाठीवर गळत व्हता. उन्हाचं गार गार बरं वाटत व्हतं."

नवसाबाईनं त्याला कुशीवर केलं. बंडी अजून अंगातच होती. सडक्या लसणासारखा भपकारा आला. तिनं ती बंडी फाडून काढली आणि साबण लावून पाठ पुन्हा पुन्हा धुतली. आता तिला सगळं कळलं होतं. उठून डॉक्टरला सांगायचं, एवढंच राहिलं होतं. पण तिला भीती वाटली. घेतलं नाही म्हटलं तर पुढची इंजेक्शनं बंद करतील. हवालदाराला खोटं सांगितलं म्हणून आपल्याला धरतील. माणूस घरी नेल्यावर सांगू, असं तिनं मनाशी ठरवलं. पंप काय, बांधावर पडला असेल.

दुपारी मोतीराम सायकलवरून डबा घेऊन आला.

"यादवराव आले न्हाईत?" तिनं विचारलं.

"म्हनले, घरचं भांडान हाय, बागेचा काय संबंध? फवारनी थांबवता येत नाय. गोटीराम गड्याला लावलाय सकाळधरनं."

नवसाबाईनं डबा तसाच खाली ठेवला. "पंप कंचा?"

"दादाचाच. दुसरा हाय कुठं?"

"जा," ती म्हणाली. "त्याच्या पाठीवरनं पंप उतरव. गळतोय त्यो. जा लवकर." मोतीरामला नीट उमगलं नाही, पण तिचं तोंड पाहून तो सायकलकडे पळाला. ती दवाखान्याच्या पायरीवर येऊन रस्ता बघत बसली. थोड्याच वेळात यादवरावांची ट्रॉली येताना दिसली. मोतीराम तिच्या मागून सायकल मारत येत होता.

ट्रॉलीत गोटीराम होता. तीच लाळ, तोच घाम, तीच घरघर. बायको सुलाबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"औषध घेतलंय का?" डॉक्टरनं विचारलं.

"नाय साहेब, पोरांची शपथ. घरात सबूद पन झाला नाय."

डॉक्टर तोंड हुंगायला वाकला.

"तोंड नका हुंगू," नवसाबाई म्हणाली. "पाठ हुंगा. माझ्या मालकांनी पन घेतलं नव्हतं. मी खोटं बोलले. पंप पाठीवर गळतोय."

डॉक्टरनं तिच्याकडे पाहिलं, मग गोटीरामला पालथं केलं, नाक सदऱ्याजवळ नेलं आणि झटकन मागं घेतलं. "कापा हा सदरा. साबण आणा," तो नर्सला म्हणाला आणि स्वतः सुई भरायला लागला. तोवर गोटीराम लाळेनं गुदमरायला लागला होता.

सुलाबाई बाजूला झाली. ती नवसाबाईसमोर येऊन उभी राहिली.

"पंप गळतोय त्ये तुला कवा कळलं?"

नवसाबाईला आता खोटं बोलवेना.

"उजाडताना."

"उजाडताना," सुलाबाई म्हणाली, "ह्ये घरीच व्हते."