पर्पेच्युआबाईंचा कर्णा

“दंड पुढं कर बाळा...”

मित्रांनो, हा आवाज माझ्या पत्र्यात अजून गुणगुणतो.

मी एक जुना पत्र्याचा कर्णा आहे. माझं एक तोंड ओठांएवढं, दुसरं परातीएवढं. घाटकोपरच्या धोंडिराम कारागिरानं रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून, ठोकून, सांध्याला कथलाचा डाग देऊन मला घडवलं. पहिल्यांदा माझ्यातून हाक मारून तो म्हणाला, “आवाज झकास आहे. आता बोलणारा चांगला भेटू दे.”

भेटली. वाकोल्याच्या पर्पेच्युआबाई आरोग्य-प्रचारिका होत्या. खात्याचं म्हणणं वस्तीवस्तीत नेऊन पोचवायचं, हे त्यांचं काम. साहेबांच्या परिपत्रकात असायचं, ‘नागरिकांनी प्रतिबंधक लसीकरणाचा लाभ घ्यावा.’ बाई तो कागद तीनदा वाचायच्या, घडी घालून पिशवीत टाकायच्या. म्हणायच्या, “हे ऐकून कोण दार उघडेल?” मग चढण चढता चढता ओळी जुळवायच्या. लग्नातली, हळदीतली गाणी गात त्या वाढल्या होत्या. शब्द त्यांच्याकडे आपणहून चालत यायचे.

त्या काळी देवीचा रोग होता, मित्रांनो. तो पोरं न्यायचा. जी वाचत, त्यांच्या तोंडावर व्रण राहत, कुणाचे डोळे जात. त्यावर लस होती. ती टोचून घेण्याला लोक ‘देवी काढणं’ म्हणत.

टोचायचं काम दत्तारामचं. तो बाईंना सारखा चिडवायचा. “बाई, काम माझी सुई करते. तुम्ही नुसत्या बोंबलता.”

“मग उद्या सुईलाच सांग ना दारं वाजवायला!”

दोघं हसायचे. पण घसा बसलेला असायचा बाईंचा, आणि रजिस्टरात आकडे चढायचे दत्तारामच्या नावावर. बोलण्याला रकानाच नव्हता.

सदुसष्ट साली आम्ही भांडुपच्या टेकडीवर गेलो. बाईंनी नवी ओळ केली होती.

दंड पुढं कर बाळा । मुंगी चावेल इवली
ना ताप ना ठणका । हसेल तुझी माउली

काय गोड चाल होती! बाया हसत बाहेर आल्या. पहिल्या गल्लीत सगळ्या पोरांना टोचून झालं. मला वाटलं, माझ्यासारखा भाग्यवान कर्णा उपनगरांत दुसरा नाही.

आठवड्यानं दुसऱ्या गल्लीसाठी आलो, तर तोंडाशीच पहिल्या गल्लीतली राधा उभी. तिच्या लहानग्या लवूला पहिल्या खेपेला टोचलं होतं.

“ना ताप म्हणालात ना, बाई? हात लावून बघा. पोर तव्यासारखं तापलंय. दंड केवढा सुजलाय!” मग ती दत्तारामकडे वळली. “आणि ओ, तुमच्या घरच्या पोरांना टोचलंय का?”

दत्ताराम लसीची बाटली पुसू लागला. “चला बाई, ऊन वाढलं,” एवढंच म्हणाला.

त्या दिवशी दुसऱ्या गल्लीत एकही दार उघडलं नाही. आत चाळीसेक पोरं होती. पलंगाखाली, पिंपामागे दडवलेली. आणि चारच दिवसांनी टेकडीपलीकडे देवीचा एक रोगी सापडला.

मित्रांनो, लस घेतल्यावर ताप येतो, दंड सुजतो, मग उतरतो. बाईंना हे ठाऊक होतं. ‘ना ताप’ त्यांनी घातलं ते केवळ चालीत बसलं म्हणून. गोड ओळीच्या लोभानं खरं बोलणं सुटलं होतं.

बाई साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, “कर्ण्यातून चूक कबूल करायची नाही. खात्याची अब्रू जाईल. तुमची नेमणूक अजून कच्ची आहे, लक्षात आहे ना?”

“आहे, सर. ती पोरंही लक्षात आहेत.”

दुसऱ्या दिवशी त्या गल्लीच्या मधोमध उभ्या राहिल्या. गाणं नाही, काही नाही.

“मी पर्पेच्युआ बोलतेय. मी खोटं गायले. ओळ छान लागली म्हणून गायले. ताप येतो. दंड सुजतो, खपली धरते. पण खरी देवी आली तर पोरच जातं. आज टोचा. ज्याच्या घरी ताप येईल, त्याच्या घरी मी येऊन बसेन.”

एका ओट्यावर राधाची सासू सुंदराबाई येऊन बसली होती. तिला ऐकायला कमी. “काय म्हणते गं ही?” तिनं विचारलं.

तेव्हा बाईंनी मला उलटं केलं. माझं लहान तोंड म्हातारीच्या कानाशी लावलं, आणि मोठ्या तोंडात हळूच सगळं पुन्हा सांगितलं. मला असंही वापरता येतं, हे मलाच माहीत नव्हतं!

सुंदराबाई म्हणाली, “दारावर मतं मागायला येतात, मलमं विकायला येतात. चुकले म्हणायला कुणी आलं नव्हतं, पोरी.” तिनं मला हिसकावून घेतलं आणि अशी आरोळी ठोकली की माझा डाग सुटतो की काय! “ए राधे! सांग सगळ्यांना, दारं उघडा! ही बाई आता खरं बोलतेय!”

पहिलं दार उघडलं. मग दुसरं. दत्तारामला मान वर करायला उसंत मिळाली नाही.

बाईंनी शब्द पाळला. पुढचे दहा-बारा दिवस त्या ताप आलेल्या घरांतून फिरत होत्या. नवी ओळ तिथंच झाली.

दंड पुढं कर बाळा । सुई टोचेल जराशी
ताप येईल दोन दिस । मी बसेन उशाशी

साहेबांनी लेखी जाब मागितला. महिनाभरात त्या वस्तीत एकही रोगी निघाला नाही, तेव्हा तो कागद कुठंतरी हरवला. शाबासकी मात्र कुणी दिली नाही. न आलेल्या रोगाचं कौतुक कोण करणार?

पुढे तो रोगच देशातून गेला. बॅटरीवरचे भोंगे आले. मला बाईंनी वाकोल्याच्या घरी नेलं. काही वर्षं मी खुंटीवर होतो, मग परसात कोंबडीच्या पिल्लांवर झाकण झालो. काठ गंजला. पण मित्रांनो, मान ताठ आहे. चाळीस पोरांची दारं उघडणारा आवाज माझ्यातून गेलाय.

माझं मागणं आताच मागून घेतो, कारण शेवटचा शब्द माझा नाही. जुन्या वस्तू पुसून ठेवा. आणि तुमच्या हाती कधी कर्णा आला, तर आधी तो उलटा धरायला शिका. ओळ गोड होते म्हणून खरं सोडू नका.

बाई निवृत्त झाल्या, त्या रविवारी दत्ताराम घरी आला. केस पिकलेले. सोबत चौदा वर्षांची लेक, चंपा. चहा झाला, तरी तो उठेना. शेवटी त्यानं मला पिल्लांवरून उचललं, रुमालानं पुसलं, आणि माझ्याकडेच बघत बोलला.

“बाई, त्या दिवशी राधानं विचारलं होतं, आठवतं? मी गावभर टोचत फिरत होतो, आणि माझी चंपा घरात तशीच होती. बायको तापाला भ्यायची. खरं सांगू? मीसुद्धा. तुम्ही कर्ण्यातून चुकले म्हणालात ना, त्याच संध्याकाळी घरी जाऊन मी हिचा दंड पुढं घेतला.” त्यानं चंपाची बाही जराशी वर सारली. तिथं लसीचा गोल व्रण होता. “ही सुई माझी, बाई. पण काम तुमच्या बोलण्याचं.”