ओंबीवरची रेघ

“मश्रूमचं सूप,” निरीक्षकांनी मोठ्यांदा वाचलं. कार्ड डोळ्यांजवळ नेलं, पुन्हा लांब धरलं. “आहे. चिन्ह आहे. हिरवा गोल, मध्ये गव्हाची ओंबी आणि ओंबीवर तिरकी रेघ. म्हणजे गहू नाही. तेव्हा दोन सुपं नक्की. एक हिला, एक तुम्हाला.”

समोर बसलेल्या, छापखान्यात काम करणाऱ्या जुळाऱ्याने मान डोलावली. ओंबी बघायची त्याला गरज नव्हती. तिला सात दाणे होते. आठवा गोलात मावत नव्हता म्हणून त्यानेच तो उडवला होता.

दोन घरांची ही पहिलीच भेट. जुळाऱ्याच्या मुलीने आणि निरीक्षकांच्या मुलाने एकमेकांना आधीच पसंत करून टाकलं होतं. आता मोठ्या माणसांनी एकत्र जेवून, आपल्यालाही कोणी विचारलं, असं समाधान करून घ्यायचं होतं. निरीक्षक वजनमापे खात्यातून निवृत्त झाले होते. पस्तीस वर्षं त्यांनी दुकानांतल्या वजनांवरचे शिक्के तपासले. शिक्का नसेल तर ते सख्ख्या भावावर विश्वास ठेवत नसत, आणि असेल तर कोणावरही ठेवत.

“तुमच्यासाठी मुद्दाम हे हॉटेल ठरवलं हं,” ते म्हणाले. “हिचाही तोच आजार ना. पाच महिने झाले कळून. तेव्हापासून दर रविवारी आम्ही इथे. दुसरीकडे पाणीसुद्धा पिऊ देत नाही मी हिला.”

त्यांची बायको ओशाळं हसली. तिच्या घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात होता, आणि त्या भोकाच्याही पुढे, घरी खिळ्याने पाडलेलं आणखी एक भोक तयार होतं.

जुळाऱ्याचा आजार चौदा वर्षांचा. सीलिअॅक. नाव परकं असल्यामुळे नातेवाइकांनी ते आधी मनावर घेतलं नाही आणि नंतर चेष्टेवारी नेलं. गव्हाचा, जवाचा कण पोटात गेला की आतड्याचं अस्तर झिजतं, खाल्लेलं अंगी लागत नाही, आणि त्यावर गोळी नाही. न खाणं हेच औषध. “एवढंसं खाल्लं तर काय होतंय?” असं त्याला इतक्यांदा विचारलं गेलं होतं, की तो आता नुसता हसे. चिमूटभर पिठाने पुढचे दोन दिवस संडासाच्या दारापाशी खुर्ची टाकून बसावं लागतं, हे जेवायच्या टेबलावर सांगण्यासारखं नव्हतं.

हॉटेलात जायचं म्हणजे त्याला उलटतपासणी घ्यावी लागे. “सूप घट्ट कशाने करता?” असं विचारलं की वेटर म्हणे, “गॅसवर ठेवून.” बटाटे तळता त्याच तेलात पावाचे तुकडे तळता का, तर “तेल एकदम ताजं आहे, साहेब.” मग तो थेट स्वयंपाक्याला गाठायचा, आणि स्वयंपाक्याला वाटायचं, हा आरोग्य खात्यातून आलाय. एवढं करून पानात काय, तर कोरा भात आणि स्वतः सोललेलं उकडलेलं अंडं. शहरातल्या बावीस हॉटेलांत तो हेच एक जेवण जेवला होता. चवीत कुठेही फरक नव्हता, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

पुढे त्याने तेही सोडलं आणि डबा न्यायला लागला. डब्याने मुलीचं एक स्थळ मोडलं. तीन वर्षांपूर्वी अशाच एका टेबलावर त्याने पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि मुलाची आत्या म्हणाली, “आमचं अन्न चालत नाही वाटतं यांना.” नंतर तिकडून फोन आला नाही. मुलगी त्या वेळी काही बोलली नव्हती. आज निघताना चपला घालता घालता बोलली.

“बाबा, डबा नको हं आज.”

“बरं. भूक नाही म्हणेन.”

“तेही नको. तुम्ही भूक नाही म्हणालात की सगळे तुमच्याकडेच बघत बसतात. आज जरा माझ्याकडे बघू देत.”

तिला एकतिसावं सरत होतं. त्याने डबा फडताळात परत ठेवला.

या हॉटेलचा मालक सात महिन्यांपूर्वी छापखान्यात आला होता. जुळारी म्हणजे छपाईचे शिशाचे खिळे जुळवणारा. खिळे जाऊन कॉम्प्युटर आला, तरी माणूस तोच राहिला आणि हाकही तीच. मालकाला नवीन मेनूकार्ड हवं होतं. “ते हल्ली गहू नको, गहू नको चाललंय ना लोकांचं,” तो म्हणाला, “त्याचं काहीतरी चिन्ह टाका.”

“कुठल्या पदार्थांना?”

“टाका आठ-दहा ठिकाणी. बघायला बरं दिसेल असं.”

“पण त्यात गहू खरंच नसतो का?”

मालकाने कीव आल्यासारखं बघितलं. “साहेब, मागच्या कार्डावर तुम्ही ‘घरच्यासारखी चव’ छापलंत. तेव्हा माझ्या घरी जेवायला आला होतात का?”

प्रश्न बिनतोड होता. जुळाऱ्याने आयुष्यभर ‘शंभर टक्के शुद्ध’, ‘मोजकेच नग शिल्लक’ आणि ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते’ असले मजकूर कसलीही खातरजमा न करता जुळवले होते. त्याने ओंबी काढली, तिच्यावर रेघ मारली आणि ती कार्डावर नऊ ठिकाणी पेरली. डावा रकाना भरल्यासारखा दिसत होता, उजवा ओकाबोका. म्हणून डावीकडची एक ओंबी उचलून त्याने उजवीकडे मश्रूमच्या सुपापुढे ठेवली. तोल साधला. प्रूफ घरी नेलं तेव्हा सगळी हकिकत ऐकून बायको डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली होती. “चला, एक तरी हॉटेल झालं तुम्हाला जायला.”

ती बायको आता त्याच्या शेजारी बसली होती आणि हसत नव्हती. टेबलाखाली तिचा पाय त्याच्या पायावर होता. नुसता ठेवलेला नव्हता.

“आता यांच्याकडे बघ,” निरीक्षक स्वतःच्या बायकोला म्हणाले. “चौदा वर्षं झाली, तरी कसे ठणठणीत. याला म्हणतात शिस्त. आणि आमच्या बाईसाहेब! घरात गव्हाचा दाणा नाही. पीठ मी स्वतः उभा राहून दळून आणतो. बाहेर फक्त इथे. तरी रिपोर्ट जिथल्या तिथे, आणि वजन आणखी तीन किलो खाली. डॉक्टर म्हणाले, चोरून खात असतील. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय. बिस्किटं.”

“बिस्किटं नाही खात मी,” त्या म्हणाल्या. हे वाक्य त्या इतक्यांदा बोलल्या असाव्यात की त्यात तक्रारसुद्धा उरली नव्हती.

“मग वजन उतरतं कसं? पस्तीस वर्षं वजनंच बघितली मी. वजन आपोआप घटत नाही. घटलं की समजायचं, कोणीतरी लबाडी केलीय.”

“आई, कबूल करून टाक ना एकदाचं,” मुलगा लाडाने म्हणाला. जुळाऱ्याची मुलगीही हसली. नव्या घरातला पहिला विनोद होता, हसणं भाग होतं.

“कपाट तपासलं हो यांनी माझं,” त्या जुळाऱ्याच्या बायकोला म्हणाल्या. “साड्यांच्या घड्या उलगडून.”

“काळजीपोटी करतात,” जुळाऱ्याची बायको म्हणाली आणि तिने पाण्याचा पेला उचलला.

जुळाऱ्याच्या ओठांवर एक वाक्य आलं. लहानसंच होतं: ते चिन्ह खोटं आहे. त्याच्या मागून येणारं वाक्यही लहानच होतं: ते मी लावलंय. दुसऱ्याशिवाय पहिलं म्हणता येईल का, हे त्याने मनात दोन-तीन तऱ्हांनी जुळवून बघितलं. जुळेना. तुम्हाला कसं कळलं, असं कोणीतरी विचारणारच.

“सुपापेक्षा मी आपला भातच—” त्याने सुरुवात केली. पाय दाबला गेला.

नेमका तेव्हाच मालक टेबलापाशी आला. “अरे, जुळारीसाहेब! आज इकडे कसे?” आणि निरीक्षकांकडे वळून, “हे कार्ड यांच्याच हातचं बरं का. चिन्हंबिन्हं सगळी यांची.”

निरीक्षकांनी चष्मा काढला. “हे चिन्ह तुम्ही केलंत?”

क्षणभर जुळाऱ्याला वाटलं, सुटलो. आता सगळं बाहेर येईल, आणि आपल्याला काही करावंही लागणार नाही.

“बघ गं,” निरीक्षकांचा आवाज भरून आला. “घरचाच माणूस निघाला. ज्याला आजार, त्याच्याच हातचा शिक्का. याच्यावर आणखी कसली खात्री पाहिजे?” आणि मग केवळ खात्याची सवय म्हणून त्यांनी विचारून घेतलं, “खात्रीचं आहे ना?”

मुलगी त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता. बापाकडे बघताना असा चेहरा तिने शेवटचा कधी केला होता, हे त्याला आठवेना. मालक दात दाखवत उभा होता.

“हो,” जुळारी म्हणाला.

“पुढच्या कार्डात आणखी चार-पाच वाढवू या,” मालक जाता जाता म्हणाला. “लोकांना फार आवडलंय.”

सूप आलं. पांढरं, चकचकीत, साय धरण्याच्या बेतात. निरीक्षकांनी खिशातून स्वच्छ रुमाल काढला, बायकोचा चमचा दोन्ही बाजूंनी पुसला, एखादा पावाचा कण चिकटला असला तर, म्हणून. मग तो उजेडात धरून बघितला आणि तिच्या हातात दिला. जुळाऱ्याने पहिला चमचा तोंडात घेतला. मैदा. जिभेने चौदा वर्षांनंतरही लगेच ओळखला. सूप चांगलं होतं, आणि याचा त्याला सगळ्यात जास्त राग आला.

त्याने वाटी संपवली. समोर त्यांनीही संपवली, तळाशी राहिलेलं चमच्याने गोळा करून.

जेवण झाल्यावर तो हात धुवायला मागच्या बाजूला गेला. निरीक्षकांच्या पत्नीही मागून आल्या. बेसिन एकच होतं. तो बाजूला झाला.

“भाऊ, एक विचारू का? हसू नका.” त्यांनी नळ सोडला, पण हात पाण्याखाली धरले नाहीत. “मला दर सोमवारी फार होतं. उजाडल्यापासून. तुम्हाला होतं का असं, काहीही खाल्लं नसताना?”

त्याने खिशातून रुमाल काढला.

“नाही, आता मलाच शंका यायला लागलीय. झोपेत उठून खात असेन का मी? परवा सकाळी उठल्यावर उशीवर चुरा शोधत होते.”

बेसिनवरच्या आरशात टेबल दिसत होतं. मुलगी काहीतरी सांगत होती आणि निरीक्षक पोट धरून हसत होते. हसता हसता त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली, स्वतःच्या लेकीच्या पाठीवर मारावी तशी. जुळाऱ्याची बायको मात्र त्या हसण्याकडे बघत नव्हती. ती बेसिनकडे बघत होती.

“सुरुवातीला होतं तसं,” जुळारी म्हणाला. “मग अंगवळणी पडतं.”

“हो ना?” त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. “बरं वाटलं हो. कोणीतरी वेडी म्हणालं नाही.” त्यांनी हात धुतले. घड्याळ घसरून कोपरापाशी गेलं होतं, ते खाली ओढलं आणि त्या टेबलाकडे गेल्या.

सोमवारी छापखान्यात जायचा प्रश्नच नव्हता. पहाटेपासून जुळाऱ्याची ही सहावी खेप. दहाच्या सुमाराला मुलीने संडासाच्या दारावर टकटक केली.

“बाबा, ऐकताय का? त्यांचा फोन आला. पक्कं म्हणाले. तारीख काढू या म्हणाले.”

“छान झालं,” तो आतून म्हणाला.

“तुमचं तर किती कौतुक करत होते. असा प्रामाणिक माणूस बघितला नाही म्हणे. त्या पण बोलणार होत्या आईशी, पण त्यांना उठवत नाहीये. पुन्हा काहीतरी चोरून खाल्लं. आता स्वयंपाकघराला कुलूपच लावतो म्हणाले.” ती हसली, विनोद एव्हाना तिच्याही घरचा झाला होता. “तुम्हाला काय झालंय पण? बरं नाहीये का?”

त्याने हात लांब करून नळ सोडला. पूर्ण सोडला. बादली आधीच भरलेली होती, पाणी काठावरून फरशीवर सांडायला लागलं.

“त्यांनी चोरून नाही खाल्लं,” तो म्हणाला.

“काय? पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नाहीये, बाबा.”

ती थोडा वेळ दाराशी थांबली. त्याने नळ बंद केला नाही.