निरोगी गटातली आई

धाकटीने बाही वर सरकवली, तेव्हा आई नर्सला सांगत होती, "जरा सांभाळून हं, ही हात हलवेल. लहानपणापासून नाटकं आहेत तिची."

धाकटीने हात हलवला नाही, मुद्दामच. दातओठ खात ती नळीत चढणाऱ्या रक्ताकडे पाहत राहिली. मनाचे खेळ, रिकामटेकडी थेरं, हे ऐकून तिचे कान किटले होते. छातीतल्या धडधडीपायी तिची नोकरी सुटली तेव्हाही आईचं तेच पालुपद. चिंतेच्या आजाराच्या खुणा रक्तात दिसतात का, हे इथे दवाखान्यातल्या अभ्यासात शोधत होते. एकाच माणसाच्या रक्तावरून अजून काही सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिने ते कानाआड केलं. तिला आईच्या तोंडावर फेकायला पुरावा हवा होता.

तुलनेसाठी घरातलंच एक निरोगी माणूस लागत होतं. आई हौसेने आली होती. खणखणीत रक्त कसं असतं ते बघू दे म्हणे त्यांना!

नर्स पडद्यापलीकडे आईजवळ गेली.

"छातीत उगाच धडधडतं का?"

"उगाच कशाला? घरचं कुणी यायला उशीर झाला की धडधडतंच."

"झोप?"

"कुठली झोप! कडी लावली का बघायला उठावं लागतं ना सारखं."

"कधीपासून?"

"लग्नाआधीपासून. सगळ्यांचंच असतं की ते."

नर्सने हातातला कागद बाजूला ठेवला. "काकू, तुम्हाला निरोगी गटात घेता येणार नाही. आधी डॉक्टरांना भेटा."

"मला? मला काय धाड भरलीय?"

धाकटीने खस्सकन पडदा ओढला. तिच्या अंगाची लाही लाही होत होती.

"तुला सगळं होत होतं! आणि नाटकी मी?"

"ओरडू नकोस." आईचा आवाज चिरकला. "मी गिळलं ना आयुष्यभर? मला कोणी आणलं होतं दवाखान्यात?"

धाकटी काहीतरी जिव्हारी लागणारं बोलणार होती. ते ओठांपर्यंत आलंही. पण आईने पर्स पोटाशी घट्ट धरलेली तिला दिसली.

दोघी डॉक्टरांच्या दाराबाहेर बाकावर बसल्या, मध्ये एक जागा सोडून.

"घराचं कुलूप नीट लागलंय ना गं?" आईने हळूच विचारलं.

"लागलंय," धाकटी तिच्याकडे न बघता फटकन म्हणाली. "तू ओढून बघितल्यावर मीही बघितलं."