पूजेतला हातमोजा

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे. थंडीत घालतात तो लोकरीचा नव्हे. मी जाड काळ्या रबराचा, वायरमन लोकांचा, उजव्या हाताचा हातमोजा आहे. डावा माझा भाऊ. आपली जीवनकथा सांगणाऱ्या वस्तू सहसा स्वतःच्या सेवेचे गोडवे गातात. मला ते जमायचे नाही, कारण माझी पहिली चार वर्षे कपाटात गेली आणि ज्या एका दिवशी माझी खरी गरज होती, त्या दिवशी माझ्या डोक्यावर झेंडूचे फूल होते.

माझा जन्म रबराच्या कारखान्यात झाला. साच्यातून काढल्यावर आम्हाला पाण्यात बुडवून आमच्यावर वीज सोडण्यात आली. जे फाटले ते फेकले गेले. आम्ही दोघे भाऊ टिकलो, म्हणून आमच्या मनगटावर शिक्का बसला. किती अभिमान वाटला होता मला! आता आपण कोणाचा तरी हात सांभाळणार, असे मी समजत होतो.

सन १९८९ मध्ये आम्ही नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत, पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आलो. तिथले फोरमन पुंजाराम यांनी आम्हाला उलटसुलट करून पाहिले, वास घेतला आणि काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावले. नवे आहेत, वापरून खराब होतील, असे त्यांचे म्हणणे. आता सांगा, वापरून खराब व्हायचे नाही तर मला बनवले कशाला? सरकारी तपासणी आली की आम्ही टेबलावर, साहेब गेले की पुन्हा कपाटात. चार वर्षांत एकाही माणसाचे बोट माझ्या आत शिरले नाही.

कारखान्याचा वायरमन होता शलमोन. मूळचा देवळाली प्रवऱ्याचा, नागापुरात खोली घेऊन राहणारा, कमी बोलणारा, कामाचा चोख. तो दोन-तीनदा आम्हाला मागायला आला होता. पुंजारामांनी दरवेळी किल्ली घरी राहिल्याचे सांगितले. किल्ली त्यांच्या कमरेलाच होती, मला काचेतून दिसत होती.

मग त्र्याण्णव सालची खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. पाने, हातोडे, पकडी धुऊन लाल कापडावर मांडल्या, आणि पुंजारामांनी मोठ्या हौसेने आम्हालाही कपाटातून काढून मधोमध ठेवले. हळद लावली, कुंकू लावले, वर फूल वाहिले. मालक यायचे होते. आरतीची तयारी झाली आणि तेवढ्यात फ्यूज उडून कारखान्याची वीज गेली.

शलमोनला हाक मारली. तो आला आणि सरळ आमच्याकडे हात पुढे केला. पुंजाराम म्हणाले, "पूजेतलं हलवू नको रे. दोन मिनटांचं काम हाय."

शलमोन ख्रिस्ती. त्याच्या घरी ही पूजा नसते. पण म्हणूनच तो जास्त जपून वागे. आपल्यामुळे दुसऱ्याच्या पूजेत खोट नको, असा त्याचा स्वभाव. त्याने हात मागे घेतला. तो हात माझ्यापासून वीतभर अंतरावर होता, मित्रांनो. मला स्वतःहून हलता आले असते तर मी त्या फुलासकट उडी मारली असती.

त्याने मेन स्विचचा दांडा खाली ओढला आणि पेटी उघडली. दांडा खाली आला होता, पण आतले एक झिजलेले पाते सुटलेच नव्हते, त्यात वीज तशीच होती. आम्हाला फक्त एक धप्प आवाज ऐकू आला. माणसे धावली. तो भिंतीपाशी पडला होता, आणि त्याच्या उजव्या तळहातावर डाळीएवढा काळा डाग होता.

तो डाग पंधरा दिवसांत गेला. दुखणे गेले नाही. खरा वैताग इथून सुरू झाला.

शलमोनला जड काम होईना, म्हणून त्याला स्टोअरच्या खिडकीत बसवले. आम्हालाही तिथेच एका खिळ्याला टांगले. त्यामुळे पुढचे वर्षभर मी सगळे पाहिले. बोटांपासून खांद्यापर्यंत आग आग व्हायची. पाना हातातून आपोआप गळायचा. सदऱ्याची बाही घासली तरी तो ओठ चावायचा. आणि खिडकीशी येणारा प्रत्येक जण विचारायचा, काय शलमोन, हात कसा आहे? विचारून उत्तराला थांबायचा मात्र नाही. दिसतो तर चांगला, असे स्वतःच म्हणून मोकळा व्हायचा. कोणी लसणीचे तेल सुचवले, कोणी निर्गुडीचा शेक, कोणी सांगितले की मनाला लावून घेऊ नको. मनाला लावून घेतल्याने हात दुखतो, हा शोध ऐकून मी खिळ्यावर तडफडलो. धक्का लागू नये म्हणून तो हात खिशात ठेवू लागला, तर लोकांनी त्याचे नाव 'नवाब' पाडले.

सगळ्यांत जास्त कोण म्हणत होते, काही झाले नाही म्हणून? पुंजाराम. काही झालेच नसेल तर त्यांच्या त्या दोन मिनिटांचा हिशेब कोण मागणार?

एकदा शलमोनची बायको एस्तेर डबा द्यायला आली. पुंजारामांनी तिलाही तेच ऐकवले, की हात चांगला दिसतो. ती गरीब बाई, पण त्या दिवशी तिचाही धीर सुटला. "भाऊ, पंखा लावला तरी हात धरून बसत्यात. वाऱ्यानं दुखतंय म्हन्त्यात. आता वारा कसा दाखवू तुमाला?" पुंजाराम निघून गेले.

पुढच्या दसऱ्याच्या आधी शलमोनची डॉक्टरी तपासणी झाली. डॉक्टरांनी हात वरखाली करून पाहिला आणि कागदावर लिहिले, 'फिट'. दसरा झाला की शलमोनने पुन्हा विजेच्या पॅनेलवर कामाला जायचे, असा हुकूम निघाला. ज्या हातात पाना राहत नाही, तो हात पुन्हा जिवंत तारांत!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कारखाना उघडला. पुंजाराम आपट्याची पाने घेऊन सगळ्यांना सोने वाटत आले. स्टोअरपाशी चार-सहा माणसे उभी होती. शलमोनने डावा हात पुढे केला. डाव्या हातात सोने देतात होय, असे म्हणत पुंजारामांनी हसत हसत त्याचा उजवा हात खिशातून ओढला, तळहातावर पान ठेवले आणि वरून बोटे मिटवली. "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा."

शलमोन ओरडला नाही. त्याच्या घशातून नुसती हवा बाहेर पडली आणि तो खाली बसला. डोळ्यांतून पाणी वाहत होते. हाताला लागलेले काय, तर एक पान.

कोणी हसले नाही. पुंजाराम ते पान उचलायला वाकले. मग सगळ्यांदेखत म्हणाले, "मीच म्हनलो हुतो ह्याला, पूजेतलं हलवू नको. वरीसभर खोटं बोललो मी."

तेच त्यांनी मालकांच्या खोलीत जाऊन सांगितले. हुकूम मागे घेतला गेला. त्या दिवसापासून आम्ही दोघे भाऊ पॅनेलशेजारी टांगलेले असायचो, कुलपाशिवाय. पुढची चार वर्षे नव्या वायरमनच्या हातात घामेजून, घासून, मजेत गेली. आता मला चीर पडली आहे, म्हणून पुन्हा स्टोअरमध्ये शलमोनजवळ आलो आहे. कुंकवाचा डाग अजून निघालेला नाही.

त्याचा हातही अजून दुखतो. वाटले असेल तुम्हाला, की पुंजारामांनी कबूल केले आणि दुखणे पळाले. तसे होत नसते. फक्त आता त्याला कोणी नवाब म्हणत नाही.

मित्रांनो, आमची पूजा करू नका असे मी म्हणत नाही. पण आधी आम्हाला वापरा. आणि कोणी दुखते म्हणाले, तर दिसत नाही म्हणून वाद घालू नका. विचारलेत तर उत्तराला थांबा.

आता दरवर्षी दसऱ्यानंतर पुंजाराम खिडकीशी येतात. शलमोन डाव्या हाताने मला खिळ्यावरून काढतो आणि माझा तळवा त्यांच्यापुढे करतो. ते आपट्याचे पान माझ्यावर ठेवतात आणि हळूच माझी बोटे मिटवतात. मला काहीच लागत नाही. त्यासाठीच तर मला बनवले होते.