ओळखीचा आवाज

आवाज

“परत लाव.”

शंकासुराने फीत परत लावली. विभागात सगळे त्याला याच नावाने हाक मारत, कारण कुठल्याही वाक्यावर त्याचा पहिला प्रश्न ‘कशावरून?’ हाच असे. ध्वनिफितीतली बाई सावकाश, स्वच्छ बोलत होती:

‘सर्वांनी लक्ष द्यावे. आपल्या भागात रक्त तपासायची जी गाडी येते, तिथे कुणीही जाऊ नये. एक बाटली सांगतात, चार भरतात. उरलेलं विकतात. मी स्वतः पाहिलं आहे. सर्वांनी लक्ष द्यावे.’

“अजून एकदा?”

“नको.” त्याच्या सहकारी संशोधिकेने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. “ही माझी आत्या आहे.”

“कशावरून?” तो म्हणाला, आणि त्याने जीभ चावली.

फोनवरून फोनवर फिरणाऱ्या खोट्या बातम्या गोळा करायच्या आणि त्या कुठून निघाल्या, कशा पसरल्या ते शोधायचं, हे त्या दोघांचं विद्यापीठातलं काम. प्रत्येक नमुना त्यांच्यापर्यंत सोलून येई. नाव नाही, नंबर नाही, आवाजसुद्धा यंत्रातून जाड केलेला. दोघांनी वेगवेगळं ऐकायचं, एकमेकांना न विचारता रकाने भरायचे, मग जुळवून एक नोंद पक्की करायची. आवाज, उगम, हेतू, प्रसार. बोलणारा ओळखीचा वाटला, तर नमुना लगेच दुसऱ्याच्या हाती द्यायचा. हा नियम तिनेच लिहिला होता.

आणि त्या जाड आवाजात तिने ही फीत आठवडेच्या आठवडे ऐकली होती. ‘आवाज’ या रकान्यात तिच्या हातचं होतं: ‘पुरुष, वयस्कर, बहुधा सरकारी अधिकारी.’ निबंधातला मुख्य नमुना हाच होता, म्हणून छापायला देण्याआधी आज मूळ फीत ताडून पाहायला काढली होती.

आत्या बसस्थानकावर घोषणा करायची. ती म्हणाली बस तिसऱ्या फलाटावर लागेल, की माणसं पिशव्या उचलून तिसऱ्याकडे निघत. आई-वडील नोकरीपायी लांब, त्यामुळे ही आत्याकडेच वाढली, घोषणेच्या खोलीत तिच्या पायाशी बसून गृहपाठ करत. ‘सर्वांनी लक्ष द्यावे’ ऐकतच ती मोठी झाली होती. आणि तेच वाक्य ऐकून तिने लिहिलं होतं, अधिकारी.

“हेतूचं काय करायचं?” शंकासुराने विचारलं.

त्या रकान्यावरून दोघांचं चांगलंच वाजलं होतं. त्याने लिहिलं होतं, ‘गैरसमज’. तिने, ‘जाणूनबुजून’. गैरसमज झालेला माणूस ‘ऐकलं’ म्हणतो, तिने वाद घातला होता. ‘मी स्वतः पाहिलं’ म्हणणाऱ्याला आपण काय करतोय ते नीट कळत असतं. या फितीनंतर एका वस्तीत लोकांनी गाडीला घेरलं होतं. रक्त काढणाऱ्या मुलीला पायरीवरून ढकललं, तिचं मनगट मोडलं. गाडी यायची बंद झाली ती बंदच. शेवटी त्याने हात टेकले होते आणि ‘जाणूनबुजून’ पक्कं झालं होतं.

“माझं ‘गैरसमज’ परत घालू या,” तो आता म्हणाला. “ते माझं प्रामाणिक मत होतं. कुणाशी खोटं बोलावं लागणार नाही.”

“काल घातलं असतंस?”

“काल ती तुझी आत्या नव्हती.”

“कालही होती.”

विभागप्रमुखांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला. “आवाज बदललेला आहे. कोण ओळखणार आहे? फार वाटत असेल तर नमुना गाळा. पण नात्याचं लिहिलंत, तर परिषदेत मला तुम्हाला उभं करता येणार नाही. लोक म्हणतील, घरचं प्रकरण.”

“मग नाही उभी राहणार.”

“अहो, निबंध तुमचा आहे.”

“म्हणूनच, सर.”

उगम

आत्या मटार सोलत होती. हिने फोन परातीशेजारी ठेवला आणि फीत लावली.

आत्याने मान तिरकी करून आपलाच आवाज ऐकला. “‘विकतात’ जरा घाईत गेलं,” ती म्हणाली. मग तिने भाचीच्या तोंडाकडे पाहिलं. “तुला कुठून मिळालं हे? मी तर शिवणाच्या ग्रुपवर टाकलं होतं. मोजक्या बायका आहोत आम्ही.”

“तिथून निघालं. आता किती जणांकडे आहे ते आम्हालाही मोजता येत नाही.”

“अगं बाई!”

आणि क्षणभर आत्याचा चेहरा उजळला. हिने तो पाहिला. पाहिला नसता तर बरं झालं असतं.

“आत्या, तू पाहिलं होतंस?”

“काय?”

“चार बाटल्या.”

“कोपऱ्यावरची सांगत होती. तिच्या जावेच्या तिकडे म्हणे—”

“तू पाहिलं होतंस का?”

आत्याच्या हातातली शेंग उघडली गेली, पण दाणे परातीत पडले नाहीत.

“नाही.”

“मग पाहिलं असं का म्हणालीस?”

“त्याशिवाय ऐकतं कोण गं?” आत्या एकदम उसळली. “तुला काय कळणार! सगळं स्थानक माझ्या शब्दावर उठायचं. आणि घरी बसल्यापासून दूध उतू जातंय म्हटलं तरी कुणी हलत नाही. तूसुद्धा. कानात ती बोंडकी घालून बसलेली असतेस. त्या दिवशी सगळ्यांनी उत्तर दिलं मला. एकूण एक जणींनी.”

कानात बोंडकी घालून ती काय ऐकत होती, हे सांगायची वेळ नव्हती. तिने पायरीवरून पडलेल्या मुलीचं सांगितलं.

“ढकललं? कुणी?”

“तुझं ऐकून आलेल्यांनी.”

हेतू

“तुमचे ते रकाने असतात ना. मला कशात घातलंस?”

“तेव्हा मला माहीत नव्हतं, तू आहेस ते.”

“ते मी विचारलं नाही.”

“जाणूनबुजून.”

आत्याने परात बाजूला सारली.

“पुसता येईल?”

“येईल.”

“नको पुसूस,” आत्या म्हणाली. “पुसलंस तर ती पोरगी आपली आपण पडली म्हणायची का?”

प्रसार

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने खाकरून, पाणी पिऊन, आपण पाहिलं नव्हतं असं सांगणारी नवी फीत भरली आणि शिवणाच्या ग्रुपवर टाकली. उत्तरादाखल एक अंगठा आला, आणि कोपऱ्यावरची ग्रुप सोडून गेली.

“झालं?”

“खोटं पळतं, आत्या. दुरुस्ती बसून राहते. माझा अख्खा निबंध त्यावर आहे.”

“मग निबंध लिहून तू काय केलंस?”

भाचीने फोन उचलला आणि गाडी पुन्हा पाठवा म्हणायला गाडीवाल्या प्रयोगशाळेला लावला. ते नाही म्हणाले. तिने पुन्हा लावला. व्यवस्थापक जेवायला गेलेत, बैठकीत आहेत, रजेवर आहेत. तिचा नंबर तिथल्या टेलिफोनवालीला पाठ झाला. “बाई, तुम्ही काय विकता तरी काय?” तिने एकदा वैतागून विचारलं. “विकत नाही हो. परत घेतेय,” ही म्हणाली, आणि पलीकडे पहिल्यांदाच हसू ऐकू आलं. त्या आठवड्याच्या शेवटी गाडी एकदाच, अर्धा दिवस पाठवायला ते तयार झाले.

गाडी आली तेव्हा रक्त काढणारी मुलगीही आली होती. मनगट अजून आखडलेलं, सुई दुसरीच्या हातात. आत्या तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“ती फीत माझी. तुझा हात माझ्यामुळे मोडला.”

मुलीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “आवाजावरून मला वाटलं होतं, चांगल्या उंच असाल.”

“सगळ्यांना वाटतं.”

“माफबिफ मी करणार नाही हं. दुखतं अजून.”

“नको करूस. हात कुठे ठेवू?”

“इथे. मूठ वळा.”

सुई जायच्या आधी आत्याने मान रस्त्याकडे वळवली आणि माइक नसताना, पूर्वीसारखी बोलली: “सर्वांनी लक्ष द्यावे. मी पाहिलं नव्हतं. पाहिलं असं सांगितलं. बाटली एकच आहे. जवळ येऊन मोजा.”

इस्त्रीवाला काम थांबवून पाहत राहिला. एक बाई पिशवी घेऊन थांबली, मोजून निघून गेली. एक आजोबा आले, पण त्यांना फक्त खुर्ची हवी होती. बसल्या बसल्या त्यांनी मग बाही वर केली.

अर्ध्या दिवसात तेवढंच. आत्या कोपरात कापूस दाबून शेवटपर्यंत उभी होती, प्रत्येक घोषणा तीनदा करत. भाचीने एकदाही तिला बस म्हटलं नाही.

निबंध परिषदेत शंकासुराने वाचला. तिचा उल्लेख तळटीपेत होता: या नमुन्यातील आवाज संशोधिकेच्या आत्याचा आहे, ‘आवाज’ या रकान्यातील तिची नोंद पूर्णपणे चुकली होती, हेतूची नोंद कायम ठेवली आहे. पुढच्या वर्षीच्या प्रकल्पाच्या यादीत प्रमुखांनी दुसऱ्या कुणाला घेतलं. तिने या वर्षीचे नमुने हातात घेतले.

रकाना नाही

दुपारची वेळ. नव्या नमुन्यांतली एक फीत, कुठल्याशा दूरच्या गावाहून कुणीतरी धाडलेली. आत्तापर्यंत आलेली एकच प्रत. तिने हेडफोन चढवले.

जाड केलेला आवाज. आधी खाकरणं, मग पाण्याचा घोट.

‘सर्वांनी लक्ष द्यावे. मी पाहिलं नव्हतं—’

तिने तिथेच थांबवली. बोट कळीवर क्षणभर राहिलं. पुढचं सगळं तिला पाठ होतं, तरी ऐकायचं होतं.

“ही तू घे,” ती म्हणाली. “माझ्याकडे नको. ओळखीचा आवाज आहे.”

“कशावरून? बदललेला आहे की.”

तिने नुसते हेडफोन पुढे केले. त्याने ते चढवले, ऐकलं, पुन्हा पहिल्यापासून लावलं. मग एक कान मोकळा करून तिच्याकडे वळला.

“हेतूमध्ये काय लिहू?”

“मला विचारायचं नाही. नियम आहे.”

तिने आपली खुर्ची खिडकीकडे फिरवली, म्हणजे त्याचा पडदा दिसू नये. खाली वाहनतळावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि कुणीतरी हात करून वाट दाखवत होतं. पाठीमागून कळा दाबल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.